राहायचं एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात : अमेरिकेत राज्याचा आयकर कसा भरायचा?

आपल्याकडे आयकर म्हटलं की तो दिल्लीचा. मुंब्र्यात राहा, निपाणीत राहा किंवा पणजीत राहा, पगारावरचा आयकर केंद्र सरकारच घेतं. राज्याच्या वाट्याला येतो तो व्यवसाय कर, आणि राज्यघटनेनं त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे घर एका राज्यात आणि ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी आपल्या डोक्याला फारसा ताप होत नाही.

अमेरिकेत तसं नाही. तिथं केंद्राचा आयकर वेगळा आणि बहुतेक राज्यांचा आयकर वेगळा. काही शहरंसुद्धा आपला कर लावतात. आपली पुष्कळ मुलंमुली नोकरीसाठी तिकडं गेली आहेत. एडिसन किंवा जर्सी सिटीत घर आणि मॅनहॅटनमध्ये ऑफिस, अशी कुटुंबं काही कमी नाहीत. त्यांना दरवर्षी जानेवारी संपता संपता हाच प्रश्न पडतो : कर कुठल्या राज्याला द्यायचा? दोघांना द्यायचा का? मग एकाच कमाईवर दोनदा कर गेला की काय?

हा प्रश्न नुसता कागदांचा नाही. चुकीच्या राज्यात रिटर्न भरलं, तर बरोबर राज्याची नोटीस दोन-तीन वर्षांनी येते आणि तोवर दंड-व्याज चढलेलं असतं. क्रेडिट मागायचं राहिलं, तर कष्टाचे हजारो डॉलर उगाच जातात. पुढं नागरिकत्वाचा अर्ज करताना केंद्राचा, राज्याचा किंवा स्थानिक कर थकला आहे का, असा सवाल त्या अर्जात छापलेलाच असतो. म्हणून हा विषय आम्ही इथं सविस्तर मांडत आहोत. मुख्य उदाहरण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कचं घेतलं आहे. बाकी राज्यांचे फरक पुढं ओघानं येतील.

मूळ नियम दोनच

सगळ्या गुंत्याच्या मुळाशी दोन नियम आहेत. ते पक्के झाले की निम्मं काम झालं.

पहिला नियम : तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी, ते राज्य तुमच्या सगळ्या कमाईवर कर लावू शकतं. मग ती कमाई त्या राज्यातली असो, शेजारच्या राज्यातली असो किंवा भारतातली.

दुसरा नियम : ज्या राज्यात तुम्ही राहत नाही पण काम करता, ते राज्य फक्त तिथं झालेल्या कमाईवर कर लावतं. त्याला अनिवासी रिटर्न म्हणतात.

आता दोन्ही नियम एकाच पगाराला लागले, की एका रकमेवर दोन राज्यांचा हक्क येतो. हा दुहेरी भार टाळण्यासाठी राहतं राज्य क्रेडिट देतं. क्रेडिट म्हणजे कर्ज नव्हे. दुसऱ्या राज्याला दिलेला कर इथल्या करातून थेट वजा करायचा, एवढाच त्याचा अर्थ. हे क्रेडिट म्हणजे राज्याची मेहेरबानी आहे असंही नाही. मेरीलंडनं आपल्या रहिवाशांना अशा क्रेडिटचा एक भाग नाकारला होता. २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ती पद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली. तो खटला विन खटला म्हणून ओळखला जातो.

कुणाला रिटर्न भरावंच लागतं?

न्यू जर्सीत वर्षाची एकूण कमाई एकट्या माणसाची १०,००० डॉलरपेक्षा किंवा एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवराबायकोची २०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर रिटर्न भरायचं. न्यूयॉर्कच्या अनिवासी माणसाला तिथली कमाई असेल आणि त्याचं एकूण उत्पन्न तिथल्या प्रमाणित वजावटीपेक्षा जास्त असेल, तर रिटर्न लागू होतं. ही वजावट एकट्या माणसाला ८,००० डॉलर आणि एकत्र भरणाऱ्या जोडप्याला १६,०५० डॉलर आहे.

इथं एक गैरसमज नेहमी होतो. न्यूयॉर्कमध्ये वर्षात १४ दिवसांपर्यंतच काम केलं, तर कंपनीनं तिथला कर कापला नाही तरी चालतं. पण ही सवलत कापण्यापुरती, म्हणजे कंपनीसाठी आहे. कामगाराची करातून सुटका त्यानं होत नाही. इलिनॉयचा नियम वेगळा. तिथं अनिवासी माणसानं ३० पेक्षा जास्त दिवस काम केलं तरच त्या पगारावर कर लागतो. म्हणून एका राज्याचा नियम दुसऱ्याला लावू नका.

न्यू जर्सीत घर, न्यूयॉर्कमध्ये नोकरी

ह्या दोन राज्यांत आपसांतला करार नाही. म्हणून दोन रिटर्न भरावी लागतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो.

आधी केंद्राचं रिटर्न, म्हणजे फॉर्म १०४०, पूर्ण करायचं. मग न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न, फॉर्म आयटी-२०३. सगळ्यात शेवटी न्यू जर्सीचं रहिवासी रिटर्न, एनजे-१०४०. त्याला शेड्यूल एनजे-सीओजे जोडायचं. क्रेडिटचा हिशेब त्या शेड्यूलवर होतो. न्यूयॉर्कचा कर किती झाला हे कळल्याशिवाय न्यू जर्सीचं क्रेडिट काढताच येत नाही, म्हणून हा क्रम.

न्यूयॉर्क आपला कर असा काढतं : आधी तुमची सगळी कमाई जणू तिथलीच आहे असं धरून कर काढायचा. मग त्यातली न्यूयॉर्कची कमाई किती टक्के, तेवढाच हिस्सा घ्यायचा. म्हणजे बायकोची न्यू जर्सीतली कमाई न्यूयॉर्कला करपात्र नसली, तरी तिच्यामुळे तुमचा दर थोडा वर सरकू शकतो. २०२५ सालच्या कमाईसाठी न्यूयॉर्कचे दर ४ टक्क्यांपासून १०.९ टक्क्यांपर्यंत आहेत आणि न्यू जर्सीचे १.४ पासून १०.७५ टक्क्यांपर्यंत. मधल्या पगारांवर न्यूयॉर्कचा कर बहुतेक वेळा जास्त निघतो.

आता आकडे घेऊन बघू. आकडे समजुतीपुरते आहेत.

समजा एका अविवाहित मुलाचा पगार ९०,००० डॉलर, सगळा न्यूयॉर्कचा. न्यूयॉर्कचा कर निघाला ४,४०० डॉलर. त्याच कमाईवर न्यू जर्सीचा कर निघाला ३,६०० डॉलर. क्रेडिट किती मिळणार? दोन्हींतलं कमी, म्हणजे ३,६००. न्यू जर्सीला द्यायचे शून्य. वरचे ८०० डॉलर न्यू जर्सी परत देणार नाही. म्हणजे एकूण भार जास्त कराच्या राज्याइतका राहतो, त्याहून जास्त नाही.

दुसरं उदाहरण. नवऱ्याचा पगार ९०,००० डॉलर न्यूयॉर्कचा, बायकोचा ६०,००० डॉलर न्यू जर्सीचा. एकूण १,५०,०००. समजा न्यू जर्सीचा एकूण कर ५,५०० डॉलर. त्यातला न्यूयॉर्कच्या कमाईचा वाटा ६० टक्के, म्हणजे ३,३०० डॉलर. न्यूयॉर्कला ४,४०० दिले असले, तरी क्रेडिट ३,३०० वरच थांबतं. न्यू जर्सीला २,२०० डॉलर द्यायचे राहतात. बायकोच्या पगारातून १,४०० कापले गेले असतील, तर ८०० डॉलर खिशातून जाणार.

इथंच पुष्कळांची फसगत होते. "न्यूयॉर्कला भरपूर कापलंय, आता न्यू जर्सीला काही लागणार नाही" असं धरून चालतात. कापलेल्या आणि क्रेडिटच्या रकमा वजा करून न्यू जर्सीला ४०० डॉलरपेक्षा जास्त द्यायचे राहणार असतील, तर तो कर वर्षभरात हप्त्यांनी भरायचा असतो. हप्त्यांच्या तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षी १५ जानेवारी. हप्ते चुकले तर व्याज लागतं. ह्यावर सोपा उपाय असा की बायकोच्या कंपनीला न्यू जर्सीचा कर थोडा जास्त कापायला सांगायचं.

डब्ल्यू-२ वाचताना होणाऱ्या चुका

कंपनीकडून येणारा डब्ल्यू-२ म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म १६ सारखा कागद. त्यात रकाना १५ मध्ये राज्याचं नाव, १६ मध्ये त्या राज्याचा पगार आणि १७ मध्ये त्या राज्यासाठी कापलेला कर असतो.

पहिली चूक : रकाना १६ मध्ये न्यूयॉर्कपुढं पूर्ण पगार आणि न्यू जर्सीपुढंही पूर्ण पगार दिसतो. लोक घाबरतात की पगार दुप्पट दाखवला. तसं नसतं. न्यूयॉर्कच्या नियमानं कंपनीला तिथल्या रकान्यात केंद्राइतकाच पूर्ण पगार लिहावा लागतो. हे दोन आकडे एकमेकांत मिळवायचे नाहीत. रिटर्नच्या सॉफ्टवेअरनं ते मिळवले नाहीत ना, हे डोळ्यांनी तपासा.

दुसरी चूक : न्यू जर्सीचा पगार केंद्राच्या पगारापेक्षा जास्त दिसतो. बहुधा तोही बरोबर असतो. न्यू जर्सी ४०१के ची रक्कम वगळतं, पण पगारातून कापलेला आरोग्य विम्याचा हप्ता किंवा आरोग्य बचत खात्यातली रक्कम वगळत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महागडी चूक : क्रेडिट मागताना रकाना १७ मधला कापलेला कर लिहिणं. क्रेडिट कापलेल्या रकमेवर मिळत नाही. न्यूयॉर्कच्या रिटर्नवर अखेर जो कर ठरला, त्यावर मिळतं. न्यूयॉर्कनं ६,००० कापले आणि प्रत्यक्ष कर ४,४०० निघाला, तर १,६०० तुम्हाला न्यूयॉर्ककडून परत मिळतात. क्रेडिटसाठी धरायचे ४,४००. इथं ६,००० लिहिले तर न्यू जर्सीचं पत्र येणार हे धरून चाला. म्हणून आयटी-२०३ ची पूर्ण प्रत जवळ ठेवा. न्यू जर्सी ती मागू शकतं.

घरून काम केलं तर?

कोविडनंतर हा प्रश्न सगळ्यांचा झाला. आठवड्यात दोन दिवस एडिसनच्या घरी बसून काम केलं, तर ते दोन दिवस न्यू जर्सीचे नाहीत का?

साधारण समजूत सांगते, हो. न्यूयॉर्कचा नियम सांगतो, नाही. तिथं "मालकाची सोय" नावाचा नियम आहे. तुमचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी राज्याबाहेर घरून काम करत असाल, तर ते दिवस न्यूयॉर्कचेच धरले जातात. कामाच्या गरजेमुळे राज्याबाहेर राहावं लागलं, तरच ते दिवस बाहेरचे. घरी शांतता मिळते, मुलं लहान आहेत, प्रवास लांबचा आहे, ही सगळी तुमची सोय समजली जाते. कनेक्टिकटला घरी बसून काम करणाऱ्या एडवर्ड झेलिन्स्की ह्या कायद्याच्या प्राध्यापकानं ह्या नियमाला आव्हान दिलं होतं. २००३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं नियम कायम ठेवला.

म्हणजे घरून केलेले दिवस "न्यू जर्सीचे" दाखवून न्यूयॉर्ककडून परतावा मागणं धोक्याचं आहे. त्या दिवसांचा कर न्यूयॉर्कला द्यावा लागला, तर न्यू जर्सी आपल्या रहिवाशांना त्याचंही क्रेडिट देतं, हा त्यातल्या त्यात दिलासा. न्यू जर्सीनं २०२३ मध्ये कायदा करून न्यूयॉर्कसारखं वागणाऱ्या राज्यांच्या रहिवाशांना तसाच नियम उलटा लावला. म्हणून राहायला क्वीन्समध्ये आणि नोकरी न्यू जर्सीच्या कंपनीत असेल, तर तिकडंही हेच बघावं लागतं. असे नियम पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि नेब्रास्कातही आहेत.

खरोखर कामासाठी राज्याबाहेर गेलेले दिवस मात्र वेगळे मोजता येतात. कंपनीनं शिकागोच्या ग्राहकाकडं १५ दिवस पाठवलं, तर ते न्यूयॉर्कचे दिवस नव्हेत. हिशेब कामाच्या दिवसांचा असतो. वर्षातून शनिवार-रविवार, सुट्ट्या, आजारपण आणि रजा वजा करायची. ईदची रजा असो की उमऱ्याला घेतलेली दोन आठवड्यांची रजा, ती कामाचा दिवस नाही. कामाचे २४० दिवस उरले आणि त्यातले २४ बाहेर झाले, तर पगाराचा ९० टक्के भाग न्यूयॉर्कचा. बाहेरच्या १० टक्क्यांवर न्यूयॉर्कचा कर नाही, पण मग त्यावर न्यू जर्सीचं क्रेडिटही नाही.

आपसांतला करार असलेली राज्यं

काही शेजारी राज्यांनी करार केले आहेत : माझ्या माणसाच्या पगारावर मी कर घेईन, तुझ्या माणसाच्या पगारावर तू घे. अशा ठिकाणी एकच रिटर्न पुरतं.

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात असा करार आहे. न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात नोकरी असेल, तर कंपनीला रेव्ह-४१९ हा फॉर्म द्यायचा. उलट असेल, तर एनजे-१६५. मग कंपनी राहत्या राज्याचाच कर कापते. फॉर्म द्यायचा राहिला आणि पेनसिल्व्हेनियाचा कर कापला गेला, तर तिथं रिटर्न भरून तो परत मागायचा आणि न्यू जर्सीचा पूर्ण कर न्यू जर्सीला द्यायचा. पेनसिल्व्हेनियाच्या त्या कराचं क्रेडिट न्यू जर्सी देत नाही, कारण करारानं तो कर लागूच नव्हता.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा करार पगारापुरता आहे. स्वतःचा धंदा, दुकान, भाड्याचं घर ह्यांना तो लागत नाही. आणि फिलाडेल्फिया शहराचा वेतन कर करारात येत नाही. शहराबाहेर राहून तिथं नोकरी करणाऱ्यालाही पगाराच्या सुमारे साडेतीन टक्के इतका तो लागतो. न्यू जर्सीचा रहिवासी त्याचं क्रेडिट घेऊ शकतो.

शहराचा मुद्दा आलाच आहे तर न्यूयॉर्क शहराचंही सांगतो. शहराचा आयकर फक्त शहरात राहणाऱ्यांना आहे. बाहेरून येऊन काम करणाऱ्यांवरचा शहर कर १९९९ मध्ये रद्द झाला. न्यू जर्सीत राहूनही तुमच्या डब्ल्यू-२ वर न्यूयॉर्क शहराचा कर कापलेला दिसला, तर तो परत मागा आणि कंपनीकडची पत्त्याची नोंद दुरुस्त करून घ्या.

इतर काही करार : मेरीलंड आणि व्हर्जिनिया एकमेकांच्या रहिवाशांच्या पगारावर कर घेत नाहीत, आणि वॉशिंग्टन डीसी बाहेरून येणाऱ्यांच्या पगारावर कर घेत नाही. इलिनॉयचा आयोवा, केंटकी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनशी करार आहे, पण इंडियानाशी नाही. शिकागोत नोकरी आणि इंडियानात घर असेल तर दोन रिटर्न आलीच.

क्रेडिटची जागाही सगळीकडं सारखी नसते. कॅलिफोर्नियात राहून ॲरिझोनात कमावलं, तर क्रेडिट कॅलिफोर्नियाच्या रिटर्नवर मिळत नाही, ॲरिझोनाच्या अनिवासी रिटर्नवर मागावं लागतं.

आयकर नसलेली राज्यं

अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग ही नऊ राज्यं पगारावर आयकर घेत नाहीत. म्हणून डॅलसला घर घेतलं की सुटलो, असं नाही. डॅलसला राहून न्यूयॉर्कच्या ऑफिससाठी घरून काम करणारा, मध्येमध्ये तिथं जाणारा माणूस न्यूयॉर्कच्या त्याच नियमात सापडतो. डॅलसला राज्याचा करच नाही, त्यामुळे क्रेडिटचाही प्रश्न नाही. न्यूयॉर्कचा कर हा सगळा वरचा खर्च.

उलट, घर न्यू जर्सीत ठेवून सहा महिने टेक्सासच्या प्रकल्पावर गेलात, तर टेक्सास काही घेणार नाही, पण न्यू जर्सी पूर्ण पगारावर कर घेईल. तात्पुरतं बाहेर राहिल्यानं रहिवास बदलत नाही.

रहिवासी कोण? १८३ दिवसांची गोष्ट

व्हिसा कुठला आहे किंवा ड्रायव्हिंग लायसन्स कुठलं आहे, एवढ्यावर राज्याचा रहिवास ठरत नाही. कायमचं घर कुठं, कुटुंब कुठं, परत कुठं यायचा इरादा, हे बघितलं जातं. पण कायमचं घर दुसऱ्या राज्यात असलं, तरी आणखी एक कसोटी आहे. न्यूयॉर्कमध्ये तुम्ही जवळजवळ वर्षभर राहण्यायोग्य जागा ठेवली आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस त्या राज्यात घालवले, तर न्यूयॉर्क तुम्हाला रहिवासी मानतं. दिवसाचा थोडा भागसुद्धा पूर्ण दिवस धरला जातो.

कुटुंब एडिसनला आणि रोजच्या प्रवासाचा कंटाळा म्हणून क्वीन्समध्ये एक छोटं घर भाड्यानं घेतलं, असं करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. रोज कामाला न्यूयॉर्कमध्ये येणं होतंच, त्यामुळे दिवस सहज १८३ च्या पुढं जातात. मग दोन्ही राज्यं तुम्हाला रहिवासी म्हणतात आणि न्यूयॉर्क शहराचा करही मागं लागतो. बँकेतल्या नफ्यासारख्या कमाईवर अशा वेळी क्रेडिट मिळणं कठीण होतं. भाडेकरार करण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

वर्षाच्या मध्ये घर बदललं, तर दोन्ही राज्यांत अर्ध्या वर्षाचं रिटर्न भरायचं आणि पगार तारखेप्रमाणे वाटायचा. मात्र जुन्या राज्यात केलेल्या कामाचा बोनस नंतर हातात पडला, तरी तो जुन्या राज्याचाच.

नवराबायको वेगवेगळ्या राज्यांत राहत असतील, तर केंद्राचं रिटर्न एकत्र भरूनही राज्याची वेगळी भरता येतात. न्यूयॉर्कमध्ये एक रहिवासी आणि दुसरा अनिवासी असेल, तर वेगळी भरणं हाच नियम आहे. दोघांनी मिळून रहिवासी धरून घेतलं तरच एकत्र चालतं, पण मग दोघांच्या सगळ्या कमाईवर न्यूयॉर्कचा कर लागतो. बायको डॅलसला असेल, तर हे परवडणारं नाही.

ट्रक चालवणाऱ्यांसाठी एक दिलाशाची बाब. कंपनीच्या पगारावर नेमानं दोन किंवा जास्त राज्यांत ट्रक चालवणाऱ्याच्या पगारावर फक्त राहतं राज्य कर लावू शकतं, असा केंद्राचा कायदा आहे. त्यामुळे पार केलेल्या प्रत्येक राज्याचं रिटर्न भरायची गरज नाही.

भारतातली कमाई आणि व्याज

मिरजेचं घर भाड्यानं दिलंय, रत्नागिरीच्या बँकेत ठेव आहे, ही कमाईसुद्धा रहिवासी राज्याच्या रिटर्नमध्ये दाखवायची. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं, तरी अमेरिकेत करपात्र आहे. भारतात कापलेल्या कराचं क्रेडिट केंद्राच्या रिटर्नवर मागता येतं. न्यू जर्सी मात्र परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाही, न्यूयॉर्कही भारताच्या कराचं देत नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर केंद्राला त्याची वेगळी माहिती द्यावी लागते, तेही विसरू नका.

आणखी एक सवाल आपल्या घरांत नेहमी निघतो. "बँकेचं व्याज आम्ही वापरत नाही, गरिबांना देऊन टाकतो, मग ते कशाला दाखवायचं?" त्या पैशाचं काय करायचं हा तुमच्या दीनचा मामला. पण खात्यात जमा झाल्यामुळे बँकेनं त्याची माहिती सरकारला दिलेली असते. दाखवलं नाही तर नोटीस येते. ज्यांना व्याज नकोच आहे, त्यांनी सरळ बिनव्याजी खातं निवडावं, म्हणजे हा घोळच राहत नाही.

नोटीस आली तर आणि येऊ नये म्हणून

न्यूयॉर्कचा कर विभाग अनिवासी लोकांना पत्र पाठवून बाहेरच्या दिवसांचा पुरावा मागतो. पत्र आलं म्हणजे गुन्हा झाला असं नाही, पण दिलेल्या मुदतीत उत्तर द्यायलाच हवं. पुरावा म्हणून दिवसांची नोंद केलेलं कॅलेंडर, विमानाचे बोर्डिंग पास, रेल्वेचा पास, ऑफिसच्या कार्डाची नोंद आणि कंपनीचं पत्र कामी येतं. ही नोंद वर्ष चालू असतानाच ठेवा. तीन वर्षांनी आठवून लिहिलेल्या कॅलेंडरला वजन नसतं.

न्यूयॉर्कचा कर तपासणीत वाढला किंवा कमी झाला, तर न्यू जर्सीचं क्रेडिटही बदलतं. अशा वेळी न्यू जर्सीचं रिटर्न दुरुस्त करून भरायचं. कर वाढला असेल तर वाढीव क्रेडिट मागायची मुदत निघून जाऊ देऊ नका.

रिटर्नची तारीख साधारण १५ एप्रिल. मुदतवाढ मिळते ती कागद भरायला, पैसे भरायला नाही. पैसे १५ एप्रिललाच द्यायचे.

नवीन नोकरी धरताना ही कामं पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या :

कंपनीच्या दप्तरात घराचा खरा पत्ता आणि खरं राज्य नोंदवा.

दोन राज्यांत करार असेल, तर सवलतीचा फॉर्म लगेच द्या.

करार नसेल, तर राहत्या राज्याचाही थोडा कर कापता येईल का, ते विचारा.

घरून काम करण्याची परवानगी असेल, तर ती कुणाच्या गरजेसाठी आहे, हे लेखी घ्या.

पहिल्या वर्षी तरी दोन राज्यांचं काम जाणणाऱ्या सीपीएकडून रिटर्न करून घ्या, आणि त्याची प्रत पुढच्या वर्षाचा नमुना म्हणून सांभाळून ठेवा. कमी कमाईच्या कुटुंबांसाठी व्हिटा ह्या सरकारी योजनेची केंद्रं मोफत रिटर्न भरून देतात. दोन राज्यांची रिटर्न सगळ्याच केंद्रांत होत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा.

राज्यांचे दर आणि मर्यादा दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून भरण्याआधी त्या वर्षाच्या सूचना त्या त्या राज्याच्या संकेतस्थळावर बघून घ्याव्यात. तिकडं असलेल्या आपल्या मुलामुलींना, भाच्या-पुतण्यांना हा मजकूर पाठवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा आजच डब्ल्यू-२ काढून रकाना १५ ते १७ बघितलेले बरे. हिशेब दोन राज्यांचा असला, तरी एका कमाईवर दोनदा कर देण्याची पाळी सहसा येत नाही. फक्त आपलं क्रेडिट आपल्यालाच मागावं लागतं.